तिसऱ्या घराचे कर्ज

पुणे, नाशिक, पनवेल, कोल्हापूर, कोणत्याही वाढत्या शहरात आता असा एक गृहस्थ हमखास भेटतो. त्याचा मूळ पोटापाण्याचा उद्योग वेगळा असतो. औषधांचे दुकान, दवाखाना, आयटीतली नोकरी, ठेकेदारी, नाहीतर रस्त्यात गेलेल्या वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला. पण चार माणसांत त्याची ओळख होते ती ‘यांचे पाच फ्लॅट आहेत’ अशी. ऐकणाऱ्याच्या नजरेत लगेच आदर येतो. त्या पाचांपैकी चारांवर बँकेचा बोजा आहे आणि दोनांना ताबा मिळाल्या दिवसापासून कुलूप आहे, हे ओळख करून देताना कोणी सांगत नाही.

हा माणूस खलनायक नाही. त्याने बहुतेक वेळा कायदा मोडलेला नसतो, हप्ते वेळेवर भरलेले असतात आणि मुलांसाठी काहीतरी करून ठेवण्याची त्याची इच्छा आपल्यातल्या कोणाहून वेगळी नसते. माझा आक्षेप त्याला नसून त्याच्या कर्जाकडे बघण्याच्या आपल्या पद्धतीला आहे. माणसाला राहायला छप्पर हवे, म्हणून बँक, आयकर खाते, महापालिका आणि राज्य सरकार घराच्या बाबतीत हात सैल सोडतात. ते योग्यच आहे. पण तिसरे, चौथे, पाचवे घर हा धंदा आहे. त्याला धंद्याचाच हिशेब लावला पाहिजे, आणि ते घर रिकामे ठेवायचे असेल तर त्यात सार्वजनिक पैशाचा एक रुपयाही जाता कामा नये.

आधी हिशेबच मांडू, कारण फ्लॅटच्या गप्पांत तो कधी पुरा मांडला जात नाही. समजा, पुण्याच्या पश्चिम उपनगरात तयार फ्लॅट ८० लाखांना घेतला. साठ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता येतो दरमहा सुमारे ५२,००० रुपये. पहिल्या वर्षी भरलेल्या सव्वासहा लाखांपैकी पाच लाखांहून थोडे अधिक निव्वळ व्याजात जातात. मुद्दल फिटते जेमतेम एक लाख वीस हजार. खिशातले गेले वीस लाख, शिवाय पुण्यात पुरुषाच्या नावे खरेदीला सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. म्हणजे जवळजवळ २६ लाख. भाडे २२,००० धरू. सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, एजंटाचे एक महिन्याचे भाडे, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना आणि रंगरंगोटी वजा जाता वर्षाकाठी हातात दीड-पावणेदोन लाख राहतात. व्याज पाच लाख, उत्पन्न पावणेदोन. तेच २६ लाख ठेवीत असते तर सात टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार मिळाले असते, तेही यात मोजले पाहिजेत. सगळे धरून त्या फ्लॅटचा भाव दरवर्षी साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढला तर मालक आहे तिथे उभा राहतो. फायदा त्यापुढे सुरू होतो. आणि फ्लॅट कुलूपबंद असेल तर हाच आकडा नऊ टक्क्यांच्या पुढे जातो.

दरवर्षी नऊ टक्के, तेही सलग! २०१४ नंतरची पाच-सहा वर्षे आठवा. पुण्या-मुंबईच्या कितीतरी भागांत दर जागचे हलले नव्हते. महागाई वजा केली तर ते घसरलेच होते. त्या काळात ज्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅटचे हप्ते भरले त्यांनी हप्त्यागणिक तोटा विकत घेतला. तरी त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कमावले असेच वाटते, कारण २०१० साली चाळीस लाखांना घेतलेले घर आज नव्वदला जाते एवढेच त्यांच्या लक्षात असते. मध्ये भरलेले व्याज कोणत्याच कागदावर एकत्र लिहिलेले नसते.

मग हा धंदा चालतो कसा? पहिले कारण साखळीचे आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्के, पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के आणि त्यापुढे पंचाहत्तर टक्के एवढेच कर्ज द्यावे. उरलेली रक्कम घेणाऱ्याने स्वतःची घालावी. यामागचा विचार साधा आहे. ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात तो जपून वागतो, आणि भाव पडलाच तर पहिला फटका त्याच्या पैशाला बसतो, ठेवीदारांच्या नाही. पण पहिल्या फ्लॅटचा भाव वाढला की त्यावर टॉप-अप म्हणजे वाढीव कर्ज मिळते किंवा मिळकतीवर वेगळे तारण कर्ज मिळते, आणि तेच पैसे दुसऱ्या फ्लॅटचे डाउन पेमेंट होतात. दुसऱ्याच्या जोरावर तिसरा. कागदावर प्रत्येक कर्ज नियमात बसते. सगळी मिळून पाहिली तर त्या माणसाची स्वतःची रक्कम पहिल्या फ्लॅटपाशीच संपलेली असते. ऐंशी टक्क्यांची मर्यादा तिथे पुसली जाते आणि कोणत्याही एका शाखेतल्या अधिकाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरे कारण नावांचे. एकाच व्यक्तीचे तिसरे घर असेल तर ते कर्ज बँकेने व्यापारी स्थावर मालमत्तेच्या वर्गात मोजावे, त्यासाठी स्वतःचे भांडवल जास्त राखून ठेवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे तिसरे घर हा धंदा आहे हे मध्यवर्ती बँकेने केव्हाच मान्य केले आहे. पण नियम व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. एक घर स्वतःच्या नावे, दुसरे पत्नीच्या, तिसरे भावाच्या, चौथे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, आणि कुणाचेच तिसरे नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्त्रियांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दिली. हेतू चांगला होता आणि अनेक घरांत बाईच्या नावाची पाटी त्यामुळेच लागली. परंतु गुंतवणूकदाराच्या हिशेबात त्याच सुटीने दोन कामे साधतात: शुल्क वाचते आणि मोजदाद विभागली जाते.

तिसरे कारण आयकर. २०१७ पर्यंत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे सगळे व्याज, कितीही असो, पगाराच्या उत्पन्नातून वजा होत असे. पाच घरांचे पंधरा लाख व्याज असले तरी! मोठ्या पगाराच्या माणसाला सरकारच सांगत होते की कर भरण्यापेक्षा आणखी एक फ्लॅट घे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने ही वजावट सगळ्या घरांची मिळून वर्षाला दोन लाखांवर आणली. उरलेला तोटा पुढच्या आठ वर्षांत घरभाड्याच्याच उत्पन्नातून वजा करण्याची मुभा ठेवली. नव्या करप्रणालीत तर पगारातून काहीच वजा होत नाही. ही पावले योग्य दिशेची होती. पण एक दार अजून उघडे आहे. एका घराचे व्याज दुसऱ्या घराच्या भाड्यातून वजा होते. म्हणून दोन कर्जमुक्त घरांचे भाडे आणि तिसऱ्या नव्या घराचे मोठे व्याज, असे गणित जमवले की भाड्यावर कर जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे जुने कर्ज फिटत आले की सल्लागार नवे घ्यायला सांगतो. शिवाय २०१९ पासून दोन घरे ‘स्वतःच्या राहण्याची’ धरता येतात आणि त्यांचे मानीव, म्हणजे गृहीत धरलेले, भाडेही मोजले जात नाही. एक माणूस दोन घरांत कसा राहतो, याचे उत्तर काहींच्या बाबतीत खरेच असते. नोकरी एका गावी, आई-वडील दुसऱ्या. पण कुलूपबंद घरालाही तीच सवलत मिळते, आणि ती का मिळावी याचे उत्तर मला सापडत नाही.

महाराष्ट्राला कर्ज आणि जमीन यांचे नाते नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या उठावाच्या मुळाशी दहा-बारा वर्षांपूर्वीची तेजी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सारा वाढला, आणि भाव असाच राहणार या भरवशावर सावकारांनी सढळ हाताने पैसे दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, कर्जे मात्र तेजीच्या मापाचीच राहिली आणि गहाण जमिनी एकामागून एक गेल्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या आत डोकावून खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आजचा फ्लॅटवाला त्या काळच्या कुणब्यासारखा असहाय नाही, हे उघड आहे. पण कर्ज देताना परतफेडीची ताकद न पाहता तारणाचा चढता भाव पाहायचा, ही रीत तीच आहे. आणि व्यवहाराच्या आत डोकावून पाहायचे, ही त्या कायद्याची दृष्टी आज आपल्याला हवी आहे.

तेजीच्या मापाने कर्ज घेतले की काय होते ते अगदी अलीकडे दिसले. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवर आला. गृहकर्जे पावणेसात टक्क्यांनी मिळत होती आणि राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळासाठी मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली होती. त्या महिन्यांत नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. मग फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असल्यामुळे वाढ थेट कर्जदाराच्या माथी आली. साठ लाखांवर पावणेसात टक्क्यांनी हप्ता ४५,६०० होतो. सव्वानऊ टक्क्यांनी त्याच रकमेचे निव्वळ व्याजच दरमहा ४६,२५० होते. म्हणजे हप्ता तोच ठेवून मुदत वाढवण्याची नेहमीची पळवाटही ताज्या कर्जाला उरत नाही. एका घराचा मालक खर्चाला कात्री लावून हे सोसतो. चार कर्जांच्या मालकावर महिन्याला सदतीस हजारांचा जादा बोजा पडतो आणि भाडे तेवढ्यात वाढत नाही. तो विकायला काढतो तेव्हा त्याच इमारतीतले त्याच्यासारखे आणखी दहा जण विकायला काढून बसलेले असतात.

आता या गृहस्थाच्या बाजूने जे बोलायला हवे तेही बोलतो, कारण ते खरे आहे. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले तेव्हा तिथे येणाऱ्या हजारो तरुणांसाठी कोणी भाड्याची घरे बांधली? ना सरकारने, ना कंपन्यांनी. वाकड, बाणेर, रावेतमधल्या याच छोट्या गुंतवणूकदारांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले आणि अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर दिले. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या मुला-मुलींचा पुण्यातला पहिला पत्ता त्यांनी दिला. एकेकाळी मुंबईत चाळी बांधून भाड्याने देणारा मालकवर्ग होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, ती पिढ्यान्‌पिढ्या गोठलेली राहिली, आणि भाड्यासाठी बांधण्याचा उद्योग आपण स्वतःच्या हातांनी संपवला. ती रिकामी जागा हप्ते भरणाऱ्या मध्यमवर्गीयाने भरून काढली. घर भाड्याने देणारा माणूस शहराची खरी गरज भागवतो आणि त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

म्हणूनच भाड्याने दिलेले आणि कुलूप लावलेले यांत फरक करायचा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये एक कोटी अकरा लाख घरे रिकामी सापडली. केंद्र सरकारच्याच समितीने २०१२ मध्ये शहरांतला घरांचा तुटवडा एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख इतका काढला होता. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने नोंदवले की सर्वाधिक रिकामी घरे मुंबईत आहेत, सुमारे ४ लाख ८० हजार. त्याच मुंबईत त्याच जनगणनेनुसार दहांतली चार कुटुंबे झोपडपट्टीत राहत होती. रिकामी घरे सगळी गुंतवणूकदारांची नाहीत. काही न विकलेली, काही वारसांच्या भांडणातली, काही मोडकळीला आलेली. आणि मोकळी झाली तरी ती झोपडीतल्या माणसाला परवडणार नाहीत. पण ज्याला परवडले असते तो नोकरदार त्यामुळे आणखी दूर जाऊन राहतो, आणि त्याच्या आधी तिथे राहणारा त्याहून दूर. कुलुपाचा परिणाम असा पायरी-पायरीने खाली उतरत जातो.

लोक कुलूप का लावतात? भाडेकरू घर सोडणार नाही ही आजोबांच्या काळातली धास्ती अजून आहे, जरी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेण्याची, आणि न सोडल्यास दुप्पट भरपाईची सोय केलेली आहे. पण मोठे कारण वेगळेच: कोरा फ्लॅट जास्त भावाने जातो. कोणी राहून गेलेले स्वयंपाकघर पाहिले की घेणारा घासाघीस करतो. भाड्याचे वर्षाचे दोन लाख सोडून विकताना पाच लाख जास्त मिळतील, असा हा हिशेब आहे. म्हणजे मालकाला पैसे मिळणार ते घर न वापरल्याबद्दल. पुण्यात मिळकतकरातली चाळीस टक्के सवलत घर स्वतःच्या वापरात असेल तर मिळते, भाड्याने दिले की जाते. सोसायटीही बिगरवापर शुल्क लावते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, तेही भाड्याने देणाऱ्यालाच. घर वापरात आणणाऱ्यावर जास्त भार आणि अंधारात ठेवणाऱ्यावर काहीच नाही, अशी रचना आपण करून ठेवली आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर किमतीच्या एक टक्का वार्षिक कर लावला आणि पुढे तो तीन टक्के केला. सिंगापूरमध्ये तिथल्या नागरिकालाही तिसऱ्या घरावर तीस टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे दर जसेच्या तसे इथे आणावेत असे मी म्हणत नाही. पण वर्षभर ज्या मीटरवर विजेचे युनिट जवळजवळ शून्य आहेत असे घर ओळखणे आपल्या महापालिकांना अशक्य नाही, आणि चाळीस टक्क्यांची सवलत नोंदणीकृत करारावर भाड्याने दिलेल्या घरालाही देणे तर एका ठरावाचे काम आहे.

आपल्याच राज्याच्या मुद्रांक कायद्यात ‘इन्व्हेस्टर’ हा खरेदीदाराचा वेगळा प्रकार मानलेला आहे. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट ठरावीक मुदतीत पुढे विकला तर आधी भरलेले शुल्क वळते करून मिळते. ही मुदत पूर्वी एक वर्ष होती. २०२२ मध्ये ती तीन वर्षे झाली. म्हणजे शुल्क वाचवायचे असते तेव्हा हा माणूस गुंतवणूकदार, आणि बँकेच्या दारात उभा राहतो तेव्हा घरासाठी धडपडणारा गृहस्थ. एकाच दस्ताला दोन खात्यांत दोन चेहरे असू नयेत. ज्याने मुद्रांकात गुंतवणूकदाराची सवलत घेतली त्याचे कर्जही त्याच नात्याने मोजावे. नोंदणी विभागाकडे खरेदीखते आहेत, तारणांची मध्यवर्ती नोंद २०११ पासून सरसाई या संस्थेत होते, कर्जांचा इतिहास पतमापन कंपन्यांकडे आहे. तिन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या की एका कुटुंबाची घरे किती, बोजा किती, स्वतःचे पैसे किती हे बँकेला कर्ज मंजूर करण्यापूर्वीच कळेल. कोणाचे नाव चव्हाट्यावर आणण्याची गरज नाही. तिसऱ्या घराचे कर्ज त्या घराच्या प्रत्यक्ष भाड्यावर मोजायचे, पगारावर नाही. आणि डाउन पेमेंट दुसऱ्या घरावरच्या कर्जातून आलेले असेल तर ते स्वतःचे धरायचे नाही. दुकान टाकायला कर्ज मागणाऱ्या तरुणाला याहून कडक प्रश्न विचारले जातात.

या सगळ्यात एक माणूस कायम बाजूला राहतो, तो म्हणजे त्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारा. करार करताना त्याचे आधार, पॅन, नोकरीचे पत्र घेतले जाते, त्याची माहिती पोलिसांना कळवली जाते, दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट आगाऊ घेतले जाते. पण ज्या घरात तो बायको-मुलांसह राहायला जातो त्यावर कर्ज आहे का, हप्ते थकले आहेत का, हे विचारण्याची रीतच नाही. मालकाची चार कर्जांची साखळी तुटली की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस मालकाला देते, आणि दारावर ताब्याची नोटीस चिकटते तेव्हा भाडेकरूला पहिल्यांदा कळते. सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंना काही निकालांत संरक्षण दिले आहे, पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू ठरत नाही. त्या संरक्षणाचा आधार त्याला मिळणे कठीण असते. त्याचे डिपॉझिट मालकाच्या थकलेल्या हप्त्यांत आधीच विरघळलेले असते. ऑनलाइन नोंदणीचा करार आता ठरावीक नमुन्यात होतो. त्या नमुन्यात मिळकतीवरचा बोजा, बँकेचे नाव आणि कर्ज थकीत नसल्याचे मालकाचे निवेदन यांचे रकाने घालावेत, आणि बँकेने मालकाला नोटीस पाठवताना तिची प्रत नोंदणीकृत करारातल्या राहणाऱ्यालाही पाठवावी. दोन महिने आधी कळले तर निदान शाळेचे वर्ष संपेपर्यंत दुसरे घर शोधता येईल.